गंडीपेट ते गोदावरी : हैदराबादच्या नळामागचं नियोजन

वनस्थळीपुरमला राहणारा मराठी माणूस मुख्यतः कृष्णेचं पाणी पितो. कुतुबुल्लापूरकडचा गोदावरीचं, आणि पटनचेरूच्या अंगाला राहणारा मांजऱ्याचं. तिघेही हैदराबादकर, आणि तिघांच्या नळाला येणाऱ्या नद्या महाराष्ट्रात उगम पावलेल्या : एक महाबळेश्वरला, एक त्र्यंबकेश्वरला, तिसरी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात. शहराच्या मधोमध मात्र चौथीच नदी वाहते, मुसी. चादरघाटच्या पुलावर बस थांबली की लोक नाकाला रुमाल लावतात, ती.

स्वतःच्या अंगणातली नदी सोडून हे शहर इतक्या लांबचं पाणी का पितं? सरळ उत्तर म्हणजे ‘लोकसंख्या वाढली’. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर शहरातले मोठे प्रकल्प कसे जन्माला येतात, कसे पुढे सरकतात आणि कशामुळे म्हातारे होतात, यात आहे. त्यासाठी ११५ वर्षांपेक्षा थोडं जास्त मागं जावं लागेल.

२८ सप्टेंबर १९०८. पावसाळा संपत आलेला. मुसीच्या खोऱ्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि नदी शहरात शिरली. अफझलगंजचा, मुसल्लमजंगचा आणि चादरघाटचा असे तीन पूल वाहून गेले. १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुरानापूल तेवढा टिकला. मेलेल्यांचा अंदाज साधारण पंधरा हजारांचा सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या वर माणसं वाचली.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनं ज्या इंजिनिअरला बोलावलं, तो मराठी वाचकाला परका नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत वाढले, आणि खडकवासल्याच्या धरणावर पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. नुकतीच नोकरी सोडून ते युरोपात फिरत होते. निरोप मिळाला, १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत हजर झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अहवाल दिला. म्हणजे साडेपाच महिने. हल्ली एवढ्यात सल्लागार नेमण्याची निविदा निघते.

अहवालात त्यांनी आधी पाऊस आणि तळी मोजली. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तळी होती आणि त्यांतली २२१ फुटली होती. म्हणजे पूर नुसत्या पावसाचा नव्हता. वरच्या गावातलं तळं फुटायचं, त्याचा लोंढा खालच्या तळ्यावर आदळायचा, तेही फुटायचं, आणि हे सगळं एकवटून शहरावर आलं. उपाय त्यांनी शहरात शोधला नाही, शहराच्या वर शोधला. मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांवर, शहरात शिरण्याआधी काही मैलांवर, एकेक मोठं धरण. शिवाय नदीकाठ उंच करणं, काठावर बागा, आणि शहरासाठी जमिनीखालून मैलापाण्याची व्यवस्था.

पूर अडवणारं धरण म्हणजे नेमकं काय, ते इथे समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. बादलीच्या तळाला बोटाएवढं भोक आहे असं धरा. वरून तांब्याभर पाणी एकदम ओतलं, तरी खाली बोटाएवढीच धार पडेल. बाकीचं पाणी बादलीत थांबेल आणि सावकाश जाईल. धरणाचे दरवाजे म्हणजे ते भोक. नदीच्या पात्राला झेपेल एवढंच सोडायचं आणि पुराचा शेंडा धरणात जिरवायचा. पण यासाठी बादली आधी रिकामी हवी. भरलेल्या बादलीत ओताल तर जेवढं वरून येईल तेवढंच खाली सांडेल.

पाणीपुरवठा सांभाळणाऱ्याला मात्र बादली नेमकी भरलेली हवी असते, कारण पुढचे आठ महिने तिच्यावर काढायचे असतात. एकाच धरणाकडून दोन्ही कामं करून घ्यायची म्हणजे रोज पातळी बघत बसायचं : जुलैत भरू द्यायचं का, ऑगस्टात किती मोकळं ठेवायचं, सप्टेंबरात कधी तोंड बंद करायचं. आणि हैदराबादची मेख अशी की इथले मोठे पूर बहुधा पावसाळ्याच्या शेवटी येतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो दख्खनवर चालून येतो, आणि तोपर्यंत तळी काठोकाठ झालेली असतात. १९०८ चा पूर सप्टेंबरअखेरचा, २०२० चा १३ ऑक्टोबरचा, २०२५ चा पुन्हा सप्टेंबरअखेरचा.

मुसीवरचं धरण, उस्मान सागर, १९२० मध्ये पूर्ण झालं. त्याला गावात कुणी उस्मान सागर म्हणत नाही, ‘गंडीपेट’च म्हणतात. ईसीवरचं हिमायत सागर १९२७ मध्ये झालं. पहिल्याला पंधरा दरवाजे, दुसऱ्याला सतरा. पहिल्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,७९० फूट, दुसऱ्याची १,७६३.५ फूट. हे आकडे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. ऑगस्टात पेपर उघडला की पंचांगातल्या तिथीसारखी ती पातळी बघायची सवय आहे.

निजामाचा एकछत्री अंमल होता म्हणून कामं झटपट झाली, आता लोकशाही म्हणून रखडतात, असं या शहरात नेहमी ऐकू येतं. तारखा तसं सांगत नाहीत. अहवाल १९०९ चा, पहिलं धरण १९२० चं, दुसरं १९२७ चं. म्हणजे अकरा आणि अठरा वर्षं. शेजारी मेट्रो ठेवून बघा. दिल्ली मेट्रोच्या लोकांनी हैदराबादचा प्रकल्प अहवाल २००३ मध्ये केला. २००८ मध्ये पहिली निविदा उघडली, तेव्हा जिंकणाऱ्या कंपनीनं सरकारकडून पैसे मागायच्या ऐवजी उलट सरकारलाच तीस हजार कोटींवर देऊ केले. पुढच्या जानेवारीत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीतला घोटाळा फुटला, त्याच घराण्याची ही मेट्रोची निविदा जिंकणारी कंपनीही कोसळली आणि करार रद्द झाला. सप्टेंबर २०१० मध्ये एल अँड टीशी नवा करार झाला. २०१२ मध्ये काम लागलं, २८ नोव्हेंबर २०१७ ला मियापूर ते नागोल ही पहिली ३० किलोमीटर धावली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा तुकडा जोडून ६९ किलोमीटर झाले. पहिल्या अहवालापासून सतरा वर्षं. निजामाच्या दुसऱ्या धरणापेक्षा एक वर्ष कमीच. मूळ आराखड्यातला जुन्या शहराचा फलकनुमापर्यंतचा फाटा तेवढा राहिला. त्या मार्गाची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं सगळी मेट्रो राज्य सरकारच्या हवाली करायचं कबूल केलं.

एवढा वेळ कुठे जातो? खांब उभा करायला फार लागत नाही. खांबाच्या खड्ड्याच्या जागी आधीच काय काय पुरलंय, ते हलवायला लागतो. रस्ता रुंद करायचा तर दुकानदारांशी बोलणी आणि कोर्ट. रस्त्याखाली पाण्याची मुख्य नळवाहिनी, मैलापाण्याची गटारं, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली. नळवाहिनी हलवायची तर आधी शेजारून दुसरी टाकायची, जोड द्यायचा, आणि त्या जोडासाठी दीड-दोन दिवस अर्ध्या शहराचं पाणी बंद ठेवायचं. ‘अमुक भागात पाणीपुरवठा बंद’ अशी जी दोन ओळींची सूचना पेपरात येते, तिच्यामागे बऱ्याचदा एखादा खांब नाहीतर पूल असतो. शिवाय प्रत्येक वस्तूचा मालक निराळा. १९१२ मध्ये सातव्या निजामानं सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड नेमलं तेव्हा बकाल वस्त्या, रस्ते, बाजार, घरं एकाच मंडळाच्या हाती होती. पुढे १९७५ मध्ये नगरविकास प्राधिकरण, १९८९ मध्ये वेगळा वॉटर बोर्ड, २००७ मध्ये बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती पोटात घेऊन बृहन् हैदराबाद महापालिका, २००८ मध्ये महानगर विकास प्राधिकरण. यातलं प्रत्येक पाऊल कागदावर शहाणपणाचंच होतं. रस्ता खणणारा आणि बुजवणारा मात्र तेव्हापासून वेगळा झाला.

आता गटारांकडे वळतो. पाणी आणायचं सगळ्यांना सुचतं, वापरलेलं पाणी कुठे जाणार हे शेवटी सुचतं. हैदराबादची जमिनीखालची मैलापाण्याची व्यवस्था १९३१ मध्ये सुरू झाली. ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ४ लाख ६८ हजार माणसं धरून ती आखलेली होती. त्या साली शहराची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. हे मोठं काम होतं, हिंदुस्थानातल्या फार थोड्या शहरांत तेव्हा असं काही होतं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ६७ लाखांवर माणसं होती आणि हद्द सहाशे चौरस किलोमीटरच्या वर गेली होती.

प्रत्येक पाणीयोजनेच्या अहवालात पहिल्या काही पानांवर एक तक्ता असतो : आराखड्याचं वर्ष आणि त्या वर्षीची अंदाजित लोकसंख्या. पाइपचा व्यास, पंपाची ताकद, टाकीची उंची, गटाराचा उतार, सगळं त्या एका आकड्यातून निघतं. गटाराचं तर फारच. ते उतारावर चालतं. उतार कमी पडला की गाळ बसतो, पाइप लहान पडला की झाकणातून उसळी येते, आणि एकदा पुरलेल्या पाइपाचा व्यास कुणी वाढवू शकत नाही. तेव्हा लातूर असो की सोलापूर, आपल्या गावात योजनेचं भूमिपूजन होतं त्या दिवशी ‘किती कोटींची’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कुठल्या सालची माणसं धरून’ हेही विचारा. कामाला पंधरा वर्षं लागणार असतील आणि आराखडा तीस वर्षांचा असेल, तर फीत कापताना योजनेचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं.

हैदराबादचा सगळा उतार मुसीकडे आहे. त्यामुळे जे गटारात मावलं नाही ते नाल्यात गेलं आणि नाल्यातून नदीत. काही वर्षांपूर्वीचे वॉटर बोर्डाचेच आकडे असे होते : रोज साधारण १,६५० दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं, आणि शुद्ध करण्याची सोय ७७२ दशलक्ष लिटरची. निम्मीसुद्धा नाही. २०२१ मध्ये ३१ नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायचं ठरलं, कोकापेटचं पहिलं केंद्र जुलै २०२३ मध्ये चालू झालं. चादरघाटच्या पुलावरच्या रुमालाचा हिशोब एवढाच आहे.

पुन्हा पिण्याच्या पाण्याकडे. गंडीपेटचं पाणी शहरात ज्या रीतीनं येतं, ती बघायची असेल तर आसिफनगरला जावं. तळं शहरापेक्षा उंचावर आहे. तिथून बांधीव कालव्यातून पाणी पंधरा किलोमीटर नुसतं उतरत येतं आणि आसिफनगरच्या वाळूच्या गाळण टाक्यांत पडतं. पंप नाही, वीज नाही. ‘गंडीपेट का पानी’ ज्यानं प्यायलं तो हे शहर सोडून जात नाही, असं इथे म्हणतात. मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या कुटुंबांना ही म्हण फार लागू पडते. चवीचं माहीत नाही, पण इतकं स्वस्त पाणी हैदराबादला पुन्हा कधी मिळालं नाही.

पहिला हात लांब टाकला तो मांजऱ्यावर. बीडमधून निघून लातूर, बिदर करत ही नदी तेलंगणात शिरते, संगारेड्डीजवळून वळण घेऊन उत्तरेला निघते, आणि शेवटी नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. तेलंगणात तिला मंजिरा म्हणतात. १९६५ मध्ये मंजिऱ्याचा पहिला टप्पा, १९८१ मध्ये दुसरा. नंतर त्याच नदीवर वर सिंगूरचं धरण झालं आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथून आणखी दोन टप्पे आले. यासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला आणि त्यात हैदराबादच्या पिण्यासाठी चार टीएमसी पाणी धरलं गेलं. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये दोन हजार आठशे कोटींच्या वर.

नदीच्या वरच्या गावाला तहान लागली की खालचं गाव कोरडं पडतं, हे २०१६ मध्ये दिसलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, कारण धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. त्याच नदीवर खाली सिंगूर आणि मंजिराही आटले होते, आणि गंडीपेट नि हिमायत सागरही. लातूरची बातमी देशभर गाजली, हैदराबादची गाजली नाही, कारण तोपर्यंत या शहरानं दोन आणखी लांबचे नळ जोडून घेतले होते. कृष्णेचा पहिला टप्पा २००४ मध्ये आला, दुसरा २००८ मध्ये, तिसरा २०१५ मध्ये. त्याच २०१५ च्या शेवटाला गोदावरी पोचली. दुष्काळाच्या ऐन तोंडावर. नियोजनाला नशिबाची साथ अशी क्वचित मिळते.

अंतरं ओळीनं लावली की चित्र स्पष्ट होतं. हिमायत सागर दहा किलोमीटरच्या आत, गंडीपेट पंधरा, मंजिरा ५८, सिंगूर ८०, कृष्णा ११६, गोदावरी १८६. आणि क्षमता जवळच्यांची कमी, लांबच्यांची जास्त. दोन्ही जुनी तळी मिळून रोज ४५ दशलक्ष गॅलन, मंजिरा-सिंगूर मिळून १२०, कृष्णा २७०, गोदावरी १७२. एकूण सहाशेच्या थोडं वर, त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश दोन लांबच्या नद्यांचं. तरीही बहुतेक वस्त्यांना पाणी एक दिवसाआड येतं. लाइनमन टी आकाराची लांब चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालचा व्हॉल्व्ह फिरवतो, आणि गल्लीभर संपच्या मोटरी एकदम सुरू होतात. संप म्हणजे अंगणात पुरलेली टाकी. आधी एकशे शहाऐंशी किलोमीटर आणलेलं पाणी जमिनीखाली सोडायचं आणि मग पुन्हा गच्चीवर चढवायचं.

गोदावरीचं पाणी येतं कसं ते एकदा बघू. येल्लमपल्लीच्या बंधाऱ्यातून मुरमूरला ते उचलतात. बोम्मकल, मल्लारम असे टप्पे करत, मल्लारमला शुद्ध करून, कोंडपाकच्या उंचवट्यावर चढवतात, आणि तिथून ते शहराच्या उत्तरेला घनपूरच्या टाक्यांत उतरतं. बंधाऱ्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १४८ मीटर आहे आणि हैदराबाद साडेपाचशेच्या आसपास. फरक चारशे मीटरचा. चारमिनार ५६ मीटर उंच आहे, असे सात चारमिनार एकावर एक ठेवले तर साधारण तेवढं होतं. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर वर न्यायला, पंपाची आणि पाइपातल्या घर्षणाची घट न धरता, एक युनिटच्या थोडी वर वीज लागते. १७२ दशलक्ष गॅलन म्हणजे ७८ कोटी लिटर. म्हणजे रोज आठ लाख युनिट, आणि ही नुसती पुस्तकातली किमान. प्रत्यक्षात जास्तच. कृष्णेचं पाणीही नागार्जुनसागरमधून असंच टप्प्याटप्प्यानं वर चढतं. वॉटर बोर्डाच्या खर्चात वीजबिल एवढं जड का, ते यावरून कळावं. त्यातून जानेवारी २०२१ पासून घरगुती ग्राहकांना महिना २० हजार लिटर फुकट देण्याची योजना आहे. फुकट कुणाला नको, पण पंपाचं मीटर त्यामुळे थांबत नाही.

आणि वीज असली तरी पाणी तोंडाशी हवं. नागार्जुनसागरची पातळी ५१० फुटांखाली गेली की नेहमीचे पंप पाणी ओढू शकत नाहीत, मग तात्पुरते पंप लावून उपसावं लागतं. हा त्रास कायमचा मिटवण्यासाठी सुंकिशाला इथे खोल विहीर आणि बोगदे घेण्याचं काम काढलं. २ ऑगस्ट २०२४ ला तिथली भिंत कोसळली आणि पाणी आत घुसलं.

आता राहिलेल्या अर्ध्या उत्तराकडे येतो. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली खरी गोष्ट हीच आहे.

प्रत्येक धरणाचे दोन भाग असतात. एक भिंत, जी बांधावी लागते. दुसरं पाणलोट क्षेत्र, जे नुसतं राखावं लागतं. भिंतीला कोनशिला असते, राखण्याला नसते. गंडीपेट आणि हिमायत सागरच्या पाणलोटात कारखाने, रिसॉर्ट, वसाहती यायला लागल्या तेव्हा सरकारनं ८ मार्च १९९६ ला १११ क्रमांकाचा आदेश काढला : दोन्ही तळ्यांच्या पूर्ण पातळीपासून दहा किलोमीटरच्या आत प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेलं, मोठी बांधकामं नकोत. त्यात ८४ गावं आली, एक लाख ३२ हजार एकर जमीन आली. एक कारखाना सूट मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९९ आणि २००० मध्ये न्यायालयानं तळ्यांच्या बाजूनं निकाल दिला. पर्यावरणाच्या खटल्यांत तो निकाल आजही आधाराला घेतात.

पण त्या ८४ गावांतल्या शेतकऱ्याचंही ऐकलं पाहिजे. त्याच्या बांधापासून थोड्या अंतरावर गच्चीबावलीत जमीन सोन्याच्या भावानं गेली. २००८ पासून टप्प्याटप्प्यानं खुला होत १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड त्याच्या शेजारून गेला. त्याच वर्षी शमशाबादचा विमानतळ सुरू झाला. त्याला मात्र शहराचं पाणी राखायचं म्हणून शेती करत राहायला सांगितलं, आणि त्याबद्दल दिलं काहीच नाही. पाणलोट राखण्याचा मोबदला नळाच्या बिलातून वरच्या गावांना द्यायचा, असं कुणी केलं नाही. म्हणून आदेश कागदावर राहिला आणि फार्महाऊस जमिनीवर आली. तळ्याकडे येणारे ओढे कुठे बुजले, कुठे भिंतीनं अडले. पाऊस पडला तरी पाणी पूर्वीसारखं पोचेना. मग एप्रिल २०२२ मध्ये सरकारनं निर्बंध सैल केले. कारण असं दिलं की शहर आता या तळ्यांच्या पाण्यावर अवलंबून नाही. मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं आदेश पूर्ण रद्द करायचा निर्णय जाहीर केला.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण ही तळी नुसती पिण्यासाठी बांधली नव्हती. ती मुळात सुचली ती पूर थोपवण्यासाठी. गोदावरी कितीही आणली तरी मुसीचा पूर मुसीतूनच येणार.

शहराच्या आतल्या तळ्यांचंही तेच. प्रत्येक तळ्याची पूर्ण भरल्यानंतरची कड नकाशावर आखलेली असते, तिच्यापुढे मोठ्या तळ्याला तीस मीटर आणि लहानाला नऊ मीटर मोकळी पट्टी ठेवायची असा नियम आहे. उन्हाळ्यात ती कड दिसत नाही. पाणी आत गेलेलं असतं, कोरड्या जमिनीवर चुन्याच्या रेघा पडतात आणि प्लॉट विकले जातात. ऑगस्ट २००० च्या पुरानंतर किर्लोस्कर सल्लागारांनी २००३ मध्ये नाल्यांचा आराखडा दिला, नाले किती रुंद हवेत ते सांगितलं. तेव्हा नाल्यांच्या काठावर जेवढी घरं होती ती हलवणं अवघड होतं, आता कितीतरी पट अवघड आहे. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री तळ्यांचे बांध फुटून वस्त्यांत पाणी शिरलं, ते १९०९ च्या अहवालातल्या २२१ तळ्यांचीच छोटी आवृत्ती होती. जुलै २०२४ मध्ये तळी आणि नाले मोकळे करण्यासाठी हायड्रा नावाची नवी यंत्रणा आली. तिच्या बुलडोझरची बातमी रोज होते. चुन्याच्या रेघा पडत होत्या त्या वर्षी सही कुणी केली, त्याची होत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दोन्ही तळ्यांचे दरवाजे उघडावे लागले. महात्मा गांधी बसस्थानक, ज्याला लोक अजून इमलीबन म्हणतात, मुसीच्या पात्रातल्या बेटावर आहे. पाणी फलाटांवर चढलं, प्रवासी अडकले, बसगाड्या दुसरीकडून सोडल्या. १९०८ च्या पुराला ११७ वर्षं व्हायला दोन दिवस कमी होते.

त्याच्या अठराच दिवस आधी, ८ सप्टेंबरला, गंडीपेटच्या काठावर मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते एका नव्या योजनेची पायाभरणी झाली. गोदावरीचा दुसरा आणि तिसरा टप्पा, खर्च ७,३६० कोटी रुपये. मल्लन्ना सागर जलाशयातून वीस टीएमसी पाणी आणायचं. त्यातलं साडेसतरा टीएमसी शहराला पिण्यासाठी. उरलेलं अडीच टीएमसी पंपानं चढवून गंडीपेट आणि हिमायत सागरमध्ये सोडायचं, म्हणजे खाली मुसीत वाहतं पाणी दिसेल.